सांडपाणी आणि झिजणारे उत्प्रेरक

चिंचेच्या कोळानें तांब्याचीं भांडीं लख्ख होतात, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. भांड्यावरील काळसर थर चिंचेंतील आम्लांत विरघळतो, म्हणजेच थोडेंसें तांबें पाण्याबरोबर वाहून जातें. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांपुढील एक बिकट अडचण याच जातीची आहे.

इ. स. १८९४ मध्यें केंब्रिजचे फेंटन यांनीं दाखविलें कीं, चिंचेंत असणाऱ्या टार्टारिक आम्लांत हायड्रोजन पेरॉक्साइड घालून किंचित् लोहक्षार मिसळल्यास त्या आम्लाचें झपाट्यानें ऑक्सिडीकरण होतें. स्वतः खर्ची न पडतां क्रियेस गति देणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. कारखान्यांच्या सांडपाण्यांतील रंग व फेनॉल यांचा नाश याच रीतीनें करतां येतो. मात्र त्यासाठीं पाणी बरेंच आम्लधर्मी, पीएच ३ च्या सुमारास, ठेवावें लागतें. पुढें चुन्यानें आम्लता मारली कीं लोहाचा तांबूस गाळ सांचतो आणि त्याची विल्हेवाट हें नवेंच संकट होऊन बसतें.

यावर तोड म्हणून लोखंड किंवा तांबें ॲल्युमिना अथवा चिकणमाती यांच्या कणांवर बसविण्यांत आलें. काम झालें कीं कण गाळून घ्यावे आणि पुन्हां वापरावे, अशी ही योजना. परंतु फेनॉलचें विघटन होतांना ऑक्झॅलिक आम्लासारखीं आम्लें निर्माण होतात व तीं कणांवरील धातूला पाण्यांत ओढून नेतात. उत्प्रेरकाच्या कर्तृत्वांतूनच त्याची झीज उद्भवते! शिवाय विरघळलेलें तांबें अल्प प्रमाणांतही माशांना घातक ठरतें. म्हणजे एक विष काढतांना दुसरें मिसळलें जातें.

खरें काम कोण करीत आहे, हें ओळखण्याची कसोटी सोपी आहे. क्रिया अर्ध्यावर असतांना कण गाळून काढावे. उरलेल्या पाण्यांतही क्रिया तशीच चालू राहिली, तर श्रेय कणांचें नसून विरघळलेल्या धातूचें, असें समजावें.

कणांवर नुसतीं कार्बनी पुटें चढलीं असतील, तर तीं हवेंत तापवून जाळतां येतात. वाहून गेलेला धातु मात्र परत येत नाहीं. मळलेलें भांडें घासतां येतें, झिजलेलें नव्हे. रुथेनियमसारखे धातु आम्लांस पुष्कळ दाद देत नाहींत, पण ते अतिशय महाग आहेत.

म्हणून उत्प्रेरकाची पारख पहिल्या तासाच्या वेगावरून करूं नये. तो किती वेळां वापरतां येतो आणि शुद्ध म्हणून सोडलेल्या पाण्यांत किती धातु उतरतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच त्याची खरी किंमत आहे.