टॅबवरची नक्षी: आधी जाळी, मग फूल



आजचा विषय चित्रकलेचा आणि माध्यम रेडिओ, म्हणजे दाखवायला माझ्याजवळ काहीच नाही. पण नक्षीच्या बाबतीत ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या घाटाचं चित्र मला तुम्हाला बोलून काढायला लावता येणार नाही. नक्षी मात्र सांगता येते, कारण नक्षी म्हणजे एक लहानसा आकार आणि तो पुढे कसा न्यायचा याचा नियम. रांगोळीच्या पुस्तकांत चित्राखाली लिहिलेलं असतं, '१५ ते ८, मधले ठिपके'. जिला सवय आहे ती तेवढ्यावर मधल्या ओळीत १५, वर-खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, असा १६९ ठिपक्यांचा षटकोन अंगणात मांडून मोकळी होते. चित्र नंतर येतं.

मी कापडावरच्या नक्षीचं काम करते, शिकवतेही. हल्ली मुलं टॅब घेऊन येतात आणि म्हणतात, ''मॅडम, फूल छान जमलंय, आता याचा पॅटर्न करायचाय.'' माझा आग्रह नेमका याच्या उलट असतो. आधी जाळी ठरवा, मग फूल काढा. का, ते सांगते.

पण त्याआधी एक खुलासा. टॅबवर चित्र काढण्याची ॲप दोन जातींची असतात. प्रोक्रिएटसारख्या ॲपमध्ये चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचं बनतं. मोठं केलं की कडा फाटतात. व्हेक्टर ॲपमध्ये रेषा साठवली जाते ती बिंदू आणि वक्र यांच्या हिशेबानं, म्हणून तीच बुट्टी रुमालावर बसते आणि मंडपाच्या पडद्यावरही. आयपॅडवरचं इलस्ट्रेटर २०२० साली आलं, त्यात रिपीट, म्हणजे एकाच आकाराची आपोआप पुनरावृत्ती, तीन प्रकारची आहे: आरसा, चक्र आणि जाळी. इंकस्केप फुकट आहे, विंडोजच्या टॅबवर पेननं चालतं, आणि त्यात तर तब्बल १७ प्रकार निवडता येतात. हा १७ चा आकडा कुणा प्रोग्रामरची लहर नाही. सपाट पृष्ठावर नक्षी दोन दिशांनी पसरवण्याचे प्रकार १७ च आहेत, हे फ्योदोरोव या रशियन स्फटिकशास्त्रज्ञानं १८९१ मध्ये सिद्ध केलं.

आता काम कसं करायचं? कोऱ्या पानावर स्वल्पविरामासारखा एक वेडावाकडा आकार काढा. फूल नको, वर्तुळ तर नकोच. वर्तुळ फिरवलं काय नि उलटवलं काय, तसंच दिसतं, मग ॲपनं नेमकं काय केलं ते कळणार कसं? स्वल्पविराम लपवाछपवी करत नाही. कुठे सरकला, कुठे फिरला, कुठे आरशात गेला ते लगेच दिसतं. आता रिपीट सुरू करा आणि ते सुरू असतानाच मूळ आकार बदलत राहा. बहुतेक ॲपमध्ये सगळ्या प्रती मूळ आकाराला बांधलेल्या असतात. एक रेष ओढली की सगळीकडे उमटते. अशा वेळी डोळा आकारावर ठेवू नका, दोन आकारांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवा. कापड दुरून बघणाऱ्याला आधी त्या जागाच दिसतात. त्यांचे नकळत तिरपे पट्टे तयार झाले, तर सगळी साडी एका बाजूला ओढल्यासारखी दिसते.

आरशापाशी थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. अर्धा मोर काढायचा, उरलेला अर्धा आरसा पुरा करतो, इथवर सोपं. पण रेष आरशाच्या अक्षाला तिरपी येऊन भिडली, तर जोडावर टोक निघतं, कमळाच्या पाकळीला मधोमध चिमटा घेतल्यासारखं. गोलाई हवी असेल तर रेष अक्षाला काटकोनातच भिडली पाहिजे. बिंदूची वक्र वळवणारी दांडी आडवी धरून ओढा, स्नॅप, म्हणजे बिंदू नेमक्या जागी चिकटवणारी सोय, सुरू ठेवा आणि शेवटचा बिंदू बरोबर अक्षावर बसवा. केसभर अलीकडे राहिला तरी मोठ्या छपाईत ती फट दिसते.

दुसरी गडबड वेलीची. साडीच्या काठासाठी वेल हवी म्हणून पुष्कळ जण आरसा लावतात आणि हाती लागते ती दोन्ही बाजूंना समोरासमोर पानं असलेली शिडी! तीही वाईट नसते, पण ती वेल नव्हे. वेलीचं एक पान वर, पुढचं खाली, मग पुन्हा वर असं चालतं. म्हणजे आरशात उलटवायचं आणि अर्धं पाऊल पुढेही सरकवायचं. यासाठी अर्धी लाट आणि तिच्यावरचं एक पान काढा. त्याची प्रत घ्या, वरची बाजू खाली करा आणि पहिल्या लाटेच्या शेवटाला जोडा. या दोन तुकड्यांचा एक गट करून मग त्याला रिपीट लावा. मला विचाराल तर काठाच्या नक्षीत एवढी एक युक्ती आली तरी निम्मं काम झालं.

चक्राबद्दल थोडक्यात. केंद्र ठरवा, प्रती किती ते सांगा, ॲप फिरवत जातं. फक्त पाच पाकळ्यांच्या बाबतीत सावध राहा. सदाफुली, जास्वंद ही आपली रोजची फुलं पाच पाकळ्यांची. एकटं फूल चक्रात देखणं येतं, पण त्याची जाळी पसरायला गेलं की मधल्या जागा वेड्यावाकड्या उरतात. त्याला कारण आहे: त्या १७ पैकी एकाही प्रकारात पाच वेळा फिरणारं केंद्र बसत नाही, दोन, तीन, चार किंवा सहाच बसतात. आठ पाकळ्यांच्या कमळाचंही तेच. आधी जाळी, मग फूल, हा माझा आग्रह याचसाठी. पण म्हणून ही फुलं सोडून द्यायची नाहीत. जाळी चौकोनी किंवा षटकोनी ठेवा, एकाआड एक फूल थोडं फिरवा आणि उरलेल्या जागी कळी किंवा पान बसवा.

साध्या जाळीत फुलं सरळ ओळीत येतात आणि कापडावर त्या ओळी सैनिकांच्या रांगेसारख्या उठून दिसतात. म्हणून दुसरा उभा स्तंभ अर्ध्या उंचीनं खाली घ्यायचा. कापडवाले याला हाफ ड्रॉप म्हणतात. ओळ मोडते, नजर तिरपी फिरू लागते आणि लहान नक्षीही मोठी भासते. स्तंभाऐवजी आडवी ओळच अर्ध्या रुंदीनं सरकवली की विटांसारखी रचना होते. काठापेक्षा अंगातल्या बुट्ट्यांना मी बहुधा हाफ ड्रॉपच सुचवते.

आता मोजमाप. रोटरी छपाईतल्या जाळीच्या नळीचा घेर सर्रास ६४ सेंटिमीटर असतो. तुमच्या नक्षीची उंची त्याला पूर्ण भागणारी हवी: ६४, ३२, १६, ८. तुम्ही हौसेनं ३० ची नक्षी केलीत, तर छपाईवाला ती ओढून ३२ ची करील आणि तुमची गोल फुलं लांबट होतील. तेव्हा पहिली रेष ओढण्याआधीच त्याला घेर विचारा. डिजिटल छपाईत हे बंधन नसतं.

आणखी एक. पेननं झरझर काढलेल्या रेषेत ॲप गरजेपेक्षा फार बिंदू पेरतं. एका फुलात ३०० बिंदू आणि फुलाच्या २०० प्रती म्हणजे ६०,००० बिंदूंचं ओझं, टॅब अडखळणारच. जादा बिंदू कमी करणारी सिम्प्लिफायची सोय असते, ती रिपीट लावण्याआधी वापरा. फाइल देताना बांधलेल्या प्रती मोकळ्या करा, म्हणजे एक्सपांड करा, पण मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. मोकळ्या केलेल्या प्रतीत पाकळीचा आकार बदलायचा म्हटलं तर २०० ठिकाणी हात घालावा लागेल.

शेवटची तपासणी पडद्यावर करू नका. पडद्यावर तुकड्यांच्या जोडावर कधी कधी पांढरी केसासारखी रेष दिसते. ती पुष्कळदा पडद्याचीच करामत असते, नक्षीत नसतेच. नक्षीचा एक तुकडा खऱ्या मापात कागदावर छापा आणि कडेनं कापा. कागदाची सुरळी करून डावी कड उजव्या कडेला भिडवा, मग वरची खालच्या कडेला. रेषा तुटली नाही, तर साधं रिपीट बरोबर आहे. हाफ ड्रॉप असेल तर डावी-उजवी कड भिडवताना एक बाजू अर्ध्या उंचीनं खाली सरकवायला विसरू नका, नाहीतर बरोबर आलेली नक्षी चुकली समजून पुन्हा काढत बसाल.