रक्तद्रवातील औषधाचे मोजमाप



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रक्तदाबाची गोळी रोज घेतली जाते. मूळ कंपनीच्या गोळीऐवजी स्वस्त पर्यायी गोळी घेताना तीही तितकीच गुणकारी असेल, असा आपला विश्वास असतो. त्यामागे एक मोजमाप आहे. निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या आळीपाळीने देऊन त्यांच्या रक्तातील औषध ठरावीक वेळांना मोजतात. अशा मोजमापाची कामे आपल्या बंगळुरूत, बोम्मसंद्र भागातील सिनजीनसारख्या संस्थांतही होतात. हे मोजमाप कोठे फसू शकते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरतो तो पिवळसर रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. त्यात औषध नॅनोग्रॅमच्या हिशेबात. प्रथिने, क्षार आणि फॉस्फोलिपिड नावाची स्निग्ध द्रव्ये मात्र कित्येक पटींनी अधिक. मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो ते केवळ विद्युत्भारित कण. द्रावणाचे सूक्ष्म तुषार उडवून रेणूंना भार देण्याच्या पद्धतीवरील कार्याबद्दल जॉन फेन हे २००२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. नेमक्या त्या तुषारांतच ही स्निग्ध द्रव्ये औषधाच्या वाट्याचा भार हिरावून घेतात. मग शंभराच्या जागी यंत्र साठही दाखवील! बरे, औषधविरहित रक्तद्रव तपासावा, तर काहीच आढळत नाही. कारण यंत्राला केवळ औषधाचेच वस्तुमान शोधावयास सांगितलेले असते. चोरी होते, चोर दिसत नाही.

ही घट सर्वांच्या रक्तात सारखी असती, तरी निभावले असते. पण ती माणसागणिक बदलते.

नुसती प्रथिने साकळवून काढली, तर फॉस्फोलिपिडे बरीचशी मागे राहतात. म्हणून अधिक काटेकोर शुद्धीकरण करावे लागते आणि औषध व ती द्रव्ये स्तंभातून निरनिराळ्या वेळी बाहेर पडतील, अशी योजना करावी लागते. शिवाय प्रत्येक नमुन्यात औषधाचे जुळे भावंड ज्ञात प्रमाणात मिसळतात. त्यात काही हायड्रोजन अणूंच्या जागी ड्यूटेरियम असते. दोघांना सारखीच झळ पोहोचली, तर त्यांचे गुणोत्तर अबाधित राहते. पण कार्वेडिलॉल या रक्तदाबावरील औषधाच्या बाबतीत, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे भावंड स्तंभातून किंचित वेगळ्या वेळी बाहेर पडले आणि गुणोत्तरच बिघडले.

आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०२२ च्या एम-१० मार्गदर्शिकेनुसार किमान सहा वेगवेगळ्या स्रोतांचे रक्तद्रव स्वतंत्रपणे तपासावे लागतात आणि प्रत्येकातील चूक १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. सहांची सरासरी चालत नाही, हे मला त्यातील सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते. प्रसंगपरत्वे रक्तपेशी फुटलेले अथवा चरबीने गढूळ झालेले नमुनेही तपासावे लागतात.