सिगारेट सोडणाऱ्याला आधार



रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत जो सिगारेटला शिवत नाही, तोच रोजा सोडताच काडी पेटवितो. म्हणून त्याच्या ईमानाला नावे ठेवू नयेत. निश्चय आहे, शरीराची निकोटीनची मागणी मात्र उरली आहे. ती धुराशिवाय भागवीत हळूहळू कमी करण्यासाठी निकोटीन गम असतो. कॉक्रेन संस्थेने २०१८ साली शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. अशा उपचाराने सिगारेट सुटण्याचे प्रमाण सुमारे दीडपट होते, असे त्यात दिसले. म्हणजे एरव्ही दहा जण टिकत असतील तेथे पंधरा. ही जादू नव्हे. पण ते पाच कोणाचे तरी अब्बा असतात.

गम पान-सुपारीसारखा चघळायचा नाही. हळू चावावा, तोंडात चुरचुरले की गालाशी दाबून ठेवावा, मग पुन्हा चावावा. चहावर लगेच घेतला तर निकोटीन नीट शोषले जात नाही, आणि आपण तर चहाबाज!

दुसरा आधार फोनचा. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक २०१६ साली सुरू झाला. तो पाकिटावरही छापतात. एकदाच बोलून थांबू नये. वारंवार सल्ला घेणाऱ्यांना अधिक यश येते.

ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, तरी ती दप्तरापर्यंत पोहोचते. अठरा वर्षांखालील मुलांनी गम आपल्या मनाने घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. आणि पालकहो, मुलाने कबुली दिली तर हात उगारू नका. तो क्रमांक लावून द्या.