अंगातल्या रक्ताचा हिशोब

गटाच्या पैशाचा हिशोब आपण चोख ठेवतो. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, सगळं वहीत असतं. आज अंगातल्या रक्ताचा हिशोब मांडू या.

"धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पिंढऱ्या ओढतात," हे बोलणं आपल्या बैठकीत नेहमीचंच. आपण ते वयावर नाहीतर कामावर ढकलतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं, गरोदरपणी ११ च्या खाली गेलं, की रक्त कमी समजतात.

आता आपला दिवस बघा. सकाळी भूक लागली की कपभर चहा, भूक मरते. दुपारी जेवण झालं की लगेच पुन्हा चहा. भाकरी-भाजीतलं लोह या चहामुळे नीट अंगी लागत नाही. चहा सोडा असं नाही, जेवण आणि चहा यांत तासभर जाऊ द्या. भाजीवर लिंबू पिळलं की तेच लोह जास्त लागू पडतं. मोडाची मटकी, शेवग्याचा पाला, हळीव, लोखंडी कढई हे तर घरचंच. शेतात जाताना पायात चप्पल हवी. उघड्यावर शौच होतं तिथल्या ओल्या मातीतले जंत तळपायातून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. सगळ्यांची पानं झाल्यावर आपण बसतो, तोवर भाजी संपलेली असते. आमच्या गटात आम्ही ठरवलं, रात्री भाजी आधीच सगळ्यांच्या ताटात वाढायची आणि एकत्र जेवायचं. काही घरांत कुरकुर झाली. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असं नव्हतं." सून म्हणाली, "आत्याबाई, तुमचंही ताट वाढलंय, बसा." त्या बसल्या.

आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्या जेवणानंतर पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका. पाळीत फार रक्त जात असेल तर मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या बैठकीआधी सगळ्या मिळून उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. आपापला आकडा लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.