लिहिणं आणि मोकळं होणं

बी. ए.च्या वर्गात कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची कविता होती. १७९८ साली प्रसिद्ध झालेली. निष्पाप अल्बाट्रॉस पक्ष्याला मारणारा तो खलाशी अखेर किनाऱ्याला लागतो आणि समोरच्या वैराग्याला विनवतो, ‘मला श्राइव्ह कर.’ शब्दकोशात अर्थ मिळाला : पापाची कबुली ऐकून घेणं, प्रायश्चित्त सांगणं, पापमुक्त करणं.

या क्रियापदाचं मूळ मात्र फार उशिरा कळलं. लॅटिनमध्ये ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणं. त्यातूनच जर्मन भाषेत ‘श्रायबेन’ आला, तो आजही ‘लिहिणं’ याच अर्थाने. इंग्रजीकडे लिहिण्यासाठी स्वतःचा ‘राइट’ होता. त्याचा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं. मग पाहुणा शब्द चर्चमध्ये स्थिरावला. धर्मगुरू प्रायश्चित्त नेमून देई, ते ‘श्राइव्ह’. डॉक्टरांचं ‘प्रिस्क्रिप्शन’ही याच कुळातलं!

आता हे क्रियापद बोलण्यातून गेलं, खुणा उरल्या. ईस्टरपूर्व उपवासांच्या आदला दिवस ‘श्रोव्ह ट्यूसडे’. गोव्याचा कार्निव्हल संपतो तो हाच मंगळवार. दुसरी खूण ‘शॉर्ट श्रिफ्ट’. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकात शिरच्छेदाला नेलेल्या हेस्टिंग्जला कबुली लवकर आटपायला सांगतात, कारण ड्यूकना जेवायला बसायचंय! आज त्याचा अर्थ एवढाच, की एखाद्याचं धड ऐकूनही न घेता त्याला वाटेला लावणं.

श्रोतेहो, आमच्याकडे तौबा थेट अल्लाहपुढे; मध्ये कुणी नाही. पण माणसाचं मन दुखावलं असेल, तर त्या माणसाकडेच जावं लागतं. घराच्या वाटणीवरून मी धाकट्या भावाला नको ते बोललो होतो. पुढे त्यावर कविता लिहिली. छापून आली, वाहवा झाली. ओझं मात्र जागच्या जागी. कबुली मी अनोळखी वाचकांना दिली होती; ज्याची चूक केली, त्याला नाही.

मग एके रात्री साधं पोस्टकार्ड लिहिलं. चार ओळी, यमक नाही, प्रतिमा नाही. आठवड्याने उत्तर आलं : ‘भाई, ईदला घरी या.’

लिहिण्याच्या शब्दातून मोकळं होण्याचा शब्द का निघाला असेल, ते मला त्या दिवशी उमगलं. फक्त पत्ता बरोबर हवा.