सायबरसुरक्षा कशी शिकावी?



खासगीपणा आणि सायबरसुरक्षा शिकवणारे ऑनलाइन अभ्यासक्रम आज घरबसल्या, पुष्कळदा विनामूल्य, उपलब्ध आहेत. त्यांतला कोणता निवडावा, असे मला अनेकजण विचारतात. माझी कसोटी एकच: हल्ला कसा घडतो हे जो पायरीपायरीने उलगडून दाखवतो, तो घ्यावा. नुसत्या सूचना महिनाभरात विसरल्या जातात.

उदाहरण याच देशातले घेतो. २०१८ साली इस्राएलच्या राष्ट्रीय सायबर यंत्रणेने एक इशारा दिला होता. भामटा स्वतःच्या फोनवर तुमचा क्रमांक घालून व्हॉट्सअ‍ॅप सुरू करू पाहतो. पडताळणीचा सहा आकडी कोड तुमच्याकडे येतो. पण तुम्ही झोपलेले असता. मग तोच कोड फोन करून ऐकवावा, अशी मागणी तो करतो. तुम्ही फोन उचलत नाही, आणि यांत्रिक आवाज तो कोड तुमच्या व्हॉइसमेलमध्ये बोलून ठेवतो. व्हॉइसमेलचा पासवर्ड मुळात मिळालेला ०००० किंवा १२३४ असाच राहिलेला असतो. भामटा दुसऱ्या फोनवरून तो संदेश ऐकतो आणि तुमचे खाते त्याचे होते. शब्बाथला ज्यांचे फोन बंद असतात, त्यांनी याचा विशेष विचार करावा.

ही साखळी ज्याला समजली, त्याला व्हॉइसमेलचा पासवर्ड बदलण्यास आणि व्हॉट्सअ‍ॅपमधील द्विस्तरीय पडताळणी सुरू करण्यास निराळे सांगावे लागत नाही.

तरुणांनी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या विनामूल्य प्रास्ताविक अभ्यासक्रमापासून आरंभ करावा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे ‘सर्व्हेलन्स सेल्फ-डिफेन्स’ तर नावनोंदणीशिवाय वाचता येते. खासगीपणा शिकवण्याआधी जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक मागणाऱ्यांची मला मौज वाटते.

खरी अडचण भाषेची आहे. आपल्या कित्येक आजीआजोबांना हिब्रू अडखळत वाचावे लागते. परिणामी घरातले सारे पासवर्ड नातवाच्या हाती जातात. नातू गुणी असतो, हे मान्य. पण आजीची बँकेतील शिल्लक आणि डॉक्टरांचे अहवाल त्याने का पाहावेत? म्हणून जो शिकेल, त्याने आजीशेजारी बसून मराठीत समजावून सांगावे. बटणे मात्र आजीनेच दाबावीत, आणि ती पासवर्ड टाइप करत असताना त्याने तोंड फिरवावे. काही संशयास्पद घडल्यास ११९ हा राष्ट्रीय सायबर यंत्रणेचा क्रमांक लावावा. तो चोवीस तास चालू असतो.

आता चहानंतर आपण व्हॉइसमेलपासूनच सुरुवात करू. फोन बाहेर काढून ठेवा. पासवर्ड मात्र कोणालाही सांगू नका, मलासुद्धा.