ब्रेकचा आवाज काय सांगतो?

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते. डिस्कवर चढलेला हलका गंज घासून निघतो, काळजी नको. पण रोज बारीक, कर्कश आवाज येत असेल, तर बहुधा ब्रेकचे पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना ही सूचना देण्यासाठीच पत्र्याची पट्टी बसवलेली असते. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखं ऐकू आलं, तर गाडी घाटात नेऊच नका.

खरी फसगत होते ती असमान झिजेत. डिस्कच्या बाहेरच्या बाजूचा पॅड जाड दिसतो, म्हणून आपण निर्धास्त. आतला मात्र पार झिजलेला. बहुतेक मोटारींत पॅड दाबणारा पिस्टन आतल्या बाजूला असतो आणि पॅड धरणारा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. चिखलानं, गंजानं पिना अडकल्या, की सगळा भार आतल्या पॅडवर. अशा वेळी नुसते नवे पॅड घातले, तर तेही तसेच झिजतील. म्हणून मेकॅनिककडून चाक काढून घेऊन दोन्ही पॅड स्वतः पाहा, पिना साफ करून घ्या. ग्रीस मात्र ब्रेकसाठीचंच हवं. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरवर आलं की पॅड बदला, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम.